आठ तासांचे पाहुणे

एखादें गांव आठ तासांत पाहून होतें काय? पूर्वीच्या प्रवाशाला हा प्रश्न पडत नसे. त्याची बैलगाडी, त्याचें गलबत किंवा त्याची आगगाडी त्याला गांवांत नेऊन सोडी, आणि पुढची सोय होईपर्यंत गांव त्याला ठेवून घेई. आजच्या जलप्रवाशाची गोष्ट निराळी आहे. तो आपली खानावळ, आपलें नाटकगृह आणि आपला बिछाना बरोबर घेऊन समुद्रावर हिंडतो. त्याचें हें तरंगतें घर सकाळीं एका परक्या गांवाच्या धक्क्याला लागतें, संध्याकाळीं दोर सोडतें, आणि मधल्या सात-आठ तासांत त्यानें त्या गांवाची ओळख करून घ्यावी अशी अपेक्षा असते. ही ओळख कितपत खरी असूं शकते, आणि अशा घाईच्या पाहुण्यानें यजमान गांवाशीं वागावें कसें, याचा विचार करण्यास मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्वेर्तो वायार्ता हें गांव फार सोयीचें आहे.

नकाशा पुढें ठेवला तर महाराष्ट्रीय माणसाला या गांवाविषयीं सहज आपुलकी वाटेल. मुंबईच्या अक्षांशापेक्षां तें अवघें दीड अंश उत्तरेस, म्हणजे जवळजवळ दमणच्या रेषेंत, परंतु पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला आहे. पाठीशीं सिएरा माद्रे पर्वताच्या हिरव्या रांगा, पुढें बांदेरास नांवाचा विस्तीर्ण उपसागर, आणि मधल्या उतारावर लाल कौलांचीं घरें. पाऊस येथेंहि जूनमध्यें सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत पडतो. माड आहेत, आंबे आहेत, चिंचा आहेत. हें साम्य केवळ हवेचें नाहीं. त्यामागें एक जुना इतिहास आहे, आणि तो पुढें ओघानें येईलच.

गांव मात्र फार जुनें नाहीं. १८५१ मध्यें येथें वस्ती झाली, तेव्हां तिला लास पेन्यास, म्हणजे ‘खडक’, असें नांव होतें. डोंगरांतील चांदीच्या खाणींना लागणारें मीठ या किनाऱ्यावरून वर जात असे. १९१८ सालीं हालिस्को प्रांताचे माजी गव्हर्नर आणि नामांकित कायदेपंडित इग्नासियो वायार्ता यांचें नांव गांवाला देण्यांत आलें. पुढें पंचेचाळीस वर्षें तें कोळ्यांचें आणि शेतकऱ्यांचें एक आडबाजूचें गांवच राहिलें. १९६३ सालीं दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनीं गांवाच्या दक्षिणेस मिस्मालोया येथें ‘द नाइट ऑफ द इग्वाना’ या चित्रपटाचें चित्रण केलें. नट रिचर्ड बर्टन यांच्याबरोबर एलिझाबेथ टेलर या प्रसिद्ध नटीहि तेथें येऊन राहिल्या, त्यांच्यामागोमाग वार्ताहरांची झुंबड आली, आणि गांवाचें नांव देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत झळकलें. दोनच वर्षांनीं, १९६५ मध्यें, लॉस एंजेलिसहून या किनाऱ्यावर सहलीचें जहाज येऊं लागलें. १९७७ ते १९८६ या काळांत ‘द लव्ह बोट’ ही जहाजावरील जीवनाची दूरचित्रवाणी-मालिका अमेरिकेंत घरोघर पाहिली गेली, आणि तिच्यामुळें हा जलमार्ग मध्यमवर्गीय कुटुंबांच्याहि आटोक्यांतला वाटूं लागला. २०२० च्या शिरगणतींत या गांवाची आणि भोंवतालच्या हद्दीची वस्ती सुमारें २ लक्ष ९२ हजार भरली.

जहाजें येथें येतात त्याला हौसेखेरीज एक कायदेशीर कारणहि आहे. अमेरिकेच्या १८८६ सालच्या एका कायद्याप्रमाणें परदेशी निशाणाच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरांतून दुसऱ्या बंदरांत उतारू नेतां येत नाहींत. त्याच बंदरांत परत आणावयाचे असले, तर वाटेंत एखाद्या परदेशी बंदराला तरी लागावें लागतें. सहलीच्या बहुतेक मोठ्या जहाजांवर बहामा, पनामा यांसारख्या देशांचें निशाण असतें. तेव्हां लॉस एंजेलिसहून निघून तेथेंच परतणाऱ्या अशा जहाजाला मेक्सिकोचा धक्का ही चैन नव्हे, ती गरज आहे. पाहुणा आपण होऊन आला असें यजमानाला वाटतें. प्रत्यक्षांत त्याचें येणें पाहुण्याच्याच घरच्या कायद्यानें अर्धें ठरविलेलें असतें.

अशाच एका जहाजावर एका जानेवारी महिन्यांत कॅलिफोर्नियांत स्थायिक झालेलें एक महाराष्ट्रीय स्नेहीमंडळ होतें. चौघेंहि पुण्याच्या एकाच कॉलेजांतलीं आणि आतां साठी उलटलेलीं. एक प्राध्यापक, त्यांच्या पत्नी, म्हणजे मंडळींच्या वहिनी, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सारेजण बाई म्हणत, आणि एक डॉक्टर. प्राध्यापकांचे गुडघे दुखरे असल्यामुळें चालण्याचा प्रश्न होता. डॉक्टरांना वयाचा विसर पडला असल्यामुळें न चालण्याचा प्रश्न होता. कॅलिफोर्नियांत तीस वर्षें मेक्सिकन रोग्यांना तपासल्यामुळें त्यांना स्पॅनिश भाषा मात्र चांगली अवगत होती.

आदल्या रात्रीं जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या दिवसाचा बेत ठरूं लागला, तेव्हां तीन मार्ग पुढें आले. पहिला, जहाजाच्या कचेरींत पैसे भरून त्यांच्याच मोटारीनें सहलीस जाणें. हा मार्ग महाग, कारण त्या पैशांतील बराच भाग जहाजाकडे राहतो. परंतु सुरक्षित, कारण ती मोटार वाटेंत अडकली तर जहाज तिच्यासाठीं थांबतें. दुसरा, धक्क्याबाहेरील टॅक्सी ठरविणें. तिसरा, समोरच्या रस्त्यावरून जाणारी गांवची बस धरून सुमारें पांच किलोमीटरांवरील जुन्या गांवांत उतरणें आणि तेथून पायीं हिंडणें. शेवटचे दोन मार्ग स्वस्त आणि मोकळे. मात्र या वाटांनीं गेलेल्या माणसाला उशीर झाला तर जहाज निघून जातें. अशा वेळीं अधिकारी मागें राहिलेल्याचें पारपत्र खोलींतून काढून बंदरावरील मुनिमाच्या हवालीं करतात, आणि पुढील बंदर गांठण्याचा खर्च ज्याचा त्यानें सोसावयाचा असतो.

प्राध्यापक, वहिनी आणि बाई यांनीं मोटारीची सहल पत्करली. डॉक्टर म्हणाले, ‘मी आपला बसनें जातों. बाजार पाहीन आणि तुम्हांला भेटेन.’ समुद्रकांठच्या फरसबंद फेरीवर समुद्रघोड्यावर बसलेल्या मुलाचा एक ब्राँझचा पुतळा आहे. राफाएल सामारिपा या शिल्पकाराची ही कृति १९७६ पासून त्या गांवाची खूणच होऊन बसली आहे. ‘बारा वाजतां पुतळ्यापाशीं,’ असें ठरलें आणि मंडळी झोपावयास गेली.

बारा म्हणजे कोणाचे बारा, हें मात्र कोणीं विचारलें नाहीं.

समुद्रावर घड्याळाची गोष्ट मोठी विलक्षण असते. लॉस एंजेलिसहून निघालेलें जहाज कधीं कधीं सबंध सफरभर तेथलाच काळ पाळतें. प्वेर्तो वायार्तांतील घड्याळें हिवाळ्यांत त्याच्या दोन तास पुढें असतात. मुंबईकरांना अशा दुहेरी काळाची नवलाई वाटावयास नको. १९०६ सालीं हिंदुस्थानांत स्टँडर्ड टाइम सुरू झाला, तरी मुंबईचा स्वतःचा काळ एकोणचाळीस मिनिटें मागें राहून १९५५ पर्यंत नांदत होता, आणि भेटीची वेळ ठरवितांना ‘कोणता टाइम?’ हा प्रश्न शहाणा मनुष्य आधीं विचारी. डॉक्टरांनीं तो विचारला नाहीं, आणि त्यांच्या खिशांतील मोबाइलानें धक्क्यावर पाऊल पडतांच आपण होऊन गांवचा काळ धारण केला. मोटारीनें गेलेल्या तिघांच्या मनगटावर जहाजाचा काळ होता. यामुळें डॉक्टर ज्या वेळीं ‘बारा’ म्हणून पुतळ्यापाशीं येऊन उभे राहिले, त्या वेळीं त्यांच्या स्नेह्यांच्या घड्याळांत दहा वाजले होते.

मोटारींतील मंडळींची सहल ठरलेल्या क्रमानें चालली होती. मोटार दक्षिणेच्या वळणावळणाच्या रस्त्यानें गेली. समुद्रांत उभे असलेले खडकांचे कमानदार सुळके एका वळणावरून दाखविण्यांत आले. मिस्मालोयाचा तो चित्रपटाचा किनारा लांबूनच पाहून झाला. मग तेकिला या मद्याची चव घेण्यासाठीं एक मुक्काम झाला. हें मद्य ज्या निळसर वनस्पतीपासून काढतात ती दख्खनच्या रेल्वेमार्गाच्या कडेला दिसणाऱ्या घायपाताचीच जातभाई आहे. घायपातहि मूळचें मेक्सिकोचेंच, ही माहिती प्राध्यापकांना नवी वाटली आणि त्यांनीं ती टिपून घेतली. त्यानंतर चांदीच्या दागिन्यांचें एक दुकान, आणि त्यानंतर आणखी एक दुकान. जहाजावरून शिफारस होणारीं दुकानें त्या शिफारशीबद्दल मोबदला देतात, ही गोष्ट या धंद्यांत सर्वश्रुत आहे. सहलींत फसवणूक अशी कांहीं नव्हती. पांच ठिकाणें कबूल केलीं होतीं आणि पांच दाखविलीं. परंतु मोटारीच्या पायरीवरून उतरून पुन्हां चढेपर्यंत जो अवधि मिळे, त्यांत गांवांतील एकाहि माणसाशीं विकत घेण्याखेरीज दुसरें कांहीं बोलणें शक्य नव्हतें.

इकडे डॉक्टर पुतळ्याखालीं उभे राहिले. साडेबारा झाले, एक झाला. प्रथम त्यांना राग आला, मग काळजी वाटूं लागली. शेवटीं कांठावरच्या बांकावर ते बसले, आणि बसल्यामुळेंच त्यांना गांव दिसूं लागलें.

समोर पाण्यावर पेलिकन पक्षी एकामागून एक सूर मारीत होते. मागें पाद्री लोकांच्या पाठशाळेंतून यावा तसा घंटानाद ग्वादालूपे-मातेच्या चर्चमधून येत होता. या चर्चच्या मनोऱ्यावर देवदूतांनीं तोलून धरलेला एक मोठा मुकुट आहे. १९९५ च्या भूकंपांत तो कोसळला आणि गांवानें तो पुन्हां चढविला. थोड्या अंतरावर एक उंच खांब रोवलेला होता. रंगीबेरंगी पोषाखाचे पांच पुरुष त्यावर चढले. एकजण टोंकावर बसून बांसरी आणि लहानसें डफासारखें वाद्य वाजवूं लागला, आणि बाकीच्या चौघांनीं कमरेला दोर बांधून खालीं डोकें वर पाय अशा स्थितींत स्वतःला हवेंत सोडून दिलें. दोर उलगडत गेला तसतसे ते गिरक्या घेत जमिनीकडे येऊं लागले. प्रत्येकाच्या तेरा गिरक्या धरल्या तर चौघांच्या बावन्न होतात, आणि बावन्न वर्षांचें चक्र हें तेथील प्राचीन कालगणनेचें एक युगच होय. युनेस्कोनें २००९ सालीं मानवजातीच्या अमूर्त वारशांत या विधीची नोंद केली. हे उडते नर्तक मूळचे पूर्व किनाऱ्याकडील पापांत्ला भागांतले. पश्चिम किनाऱ्यावर तेहि पोट भरण्यासाठींच आलेले.

इतक्यांत खांद्यावर कावडीसारखें ओझें घेतलेला एक म्हातारा बांकाजवळ थांबला. ओझें म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचा एक मोठा तुंबा होता. त्यानें त्यांतून एका पेल्यांत फिकट गुलाबी पेय ओतलें, वर सफरचंदाचे बारीक तुकडे आणि शेंगदाणे टाकले, आणि पेला पुढें केला. डॉक्टरांनीं एक घोट घेतला आणि ते चमकले. ही चव त्यांना ठाऊक होती. लहानपणीं रत्नागिरीच्या आजोळीं पहांटे माडावरून उतरलेली ताजी नीरा त्यांनीं प्यालेली होती.

पेयाचें नांव ‘तुबा’. माडाच्या पोयीला छेद देऊन झिरपणारा रस धरावयाचा, ही विद्या कोकणांतील भंडाऱ्याला आणि गोव्यांतील रेंदेराला जशी ठाऊक आहे तशीच फिलिपाइन्समधील माड्याला ठाऊक होती. १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशें वर्षें, स्पेनचीं गलबतें मनिला आणि मेक्सिकोचें अकापुल्को बंदर यांच्या दरम्यान ये-जा करीत. त्यांवरील फिलिपिनो खलाशांपैकीं पुष्कळजण या किनाऱ्यावर उतरले ते परत गेलेच नाहींत. त्यांनीं माड वाढविले, रस काढण्याची कला शिकविली, आणि आपल्या भाषेंतील ‘तुबा’ हा शब्दहि मागें ठेवला. मेक्सिकोंत आजहि एका जातीच्या आंब्याला मनिलाचा आंबा असेंच म्हणतात. चिंचेचें तेथील नांव ‘तामारिंदो’. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘हिंदी खजूर’. ज्यांना गांव सोडून जावयाची घाई नव्हती अशा पाहुण्यांनीं या किनाऱ्याला काय दिलें, तें त्या एका पेल्यांत होतें.

डॉक्टरांनीं म्हाताऱ्याला बसवून घेतलें आणि गोष्टी चालल्या. धंदा कसा चालतो, असें विचारतां तो म्हणाला कीं, रस पहांटे काढावा लागतो आणि दिवसभरांत विकावा लागतो, कारण संध्याकाळपर्यंत तो आंबतो. धक्क्याला जहाज लागलेलें असेल त्या दिवशीं समुद्रकांठीं माणूस असतो; पण जहाजांतील फार थोडीं माणसें त्याच्या तुंब्याजवळ थांबतात, कारण जहाजावर त्यांना पोट भरून खावयास मिळालेलें असतें. तथापि गांवांत पैसा फिरला कीं त्याच्यापर्यंतहि तो येतो. २०२० च्या मार्चांत महामारीमुळें जहाजें बंद झालीं तीं सुमारें दीड वर्ष. ‘त्या वेळीं,’ तो म्हणाला, ‘समुद्र फार सुंदर दिसत होता, पण तो पाहावयास कोणी नव्हतें आणि घरीं चूल पेटत नव्हती.’ पाहुण्यांची गर्दी नकोशी आणि पाहुण्यांचा अभाव त्याहून नकोसा, अशी या गांवाची अडचण त्यानें एका वाक्यांत सांगितली.

गांवच्या घड्याळांत दोन वाजले तेव्हां मोटारीची मंडळी आली. आपण अगदीं वेळेवर आलों या समाधानांत तीं होतीं. डॉक्टर दोन तास बसून होते हें कळल्यावर वहिनींना वाईट वाटलें. ‘डॉक्टर, माफ करा हो. आमच्यामुळें तुमचा दिवस फुकट गेला.’

‘वहिनी, माफी कसली मागतां?’ डॉक्टर हसून म्हणाले, ‘तुम्ही पांच ठिकाणें पाहिलींत, मी एकच बांक पाहिला. पण माझा दिवस फुकट गेला नाहीं. आतां आधीं जेवावयाला चला.’

तुबावाल्यानें सांगितलेल्या नदीपलीकडच्या एका लहानशा खानावळींत तीं जेवलीं. गरम तव्यावरून मक्याच्या पातळ भाकऱ्या येत होत्या. मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून, धुवून मग वाटावयाचा, ही येथली हजारों वर्षांची रीत. चुन्यानें दाण्याचें टरफल सुटतें, आणि त्यांतील एक जीवनसत्त्व शरीराला लागूं पडतें. युरोपनें मका नेला पण ही रीत नेली नाहीं. त्यामुळें केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांत तेथें पेलाग्रा नांवाचा रोग पसरला. डॉक्टरांनीं ही हकीकत सांगितली तेव्हां बाई म्हणाल्या, ‘म्हणजे धान्य नेलें आणि शहाणपण मागें राहिलें!’ मिरची, मका, चिकू हीं सारीं याच भूमीचीं लेकरें. दसऱ्याच्या तोरणांतला झेंडू आणि वेणींतला निशिगंध हींहि मूळचीं मेक्सिकोचीं फुलें. तेथें नोव्हेंबरच्या आरंभीं पितरांना घरची वाट दिसावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. मराठी घरांत तोच झेंडू सणाला दारावर चढतो. अशा प्रकारें जेवणाच्या टेबलावर दोन किनाऱ्यांचा जमाखर्च मांडला गेला, आणि कोण कोणाचा देणेकरी हें कोणालाच नक्की सांगतां येईना.

खरा प्रसंग उद्भवला तो जेवणानंतर, क्वाले नदीकांठच्या बाजारांत. विहारिका नांवाची एक आदिवासी जमात सिएरा माद्रेच्या दुर्गम भागांत राहते. इतर लोक तिला हुइचोल म्हणतात. लांकडाच्या किंवा भोपळ्याच्या वाटीला आंतून मेण लावून त्यावर एक एक कांचमणी दाबून बसवावयाचा, आणि त्यांतून हरिण, मक्याचें कणीस, सूर्य यांच्या आकृति उठवावयाच्या, ही त्यांची कला. अशी वाटी मुळांत देवापुढें ठेवण्याची. बाजारांत ती नंतर आली. बाईंना एक वाटी फार आवडली. विकणारी बाई किंमत सांगतांच त्यांनीं, तुळशीबागेंत चाळीस वर्षें मुरलेल्या संवयीनें, निम्मी किंमत सांगितली. विकणारी कांहीं बोलली नाहीं. तिनें फक्त पांच बोटें दाखविलीं.

‘पांच डॉलर कमी म्हणते काय?’ बाईंनीं विचारलें.

डॉक्टरांनीं तिला विचारून सांगितलें, ‘नाहीं बाई. पांच दिवस. ही एक वाटी करावयाला तिला पांच दिवस लागले.’

सौदा करणें हा कांहीं अपराध नव्हे. बाजार तेथें आहे तोंवर घासाघीसहि असणारच. परंतु तुळशीबागेंतील गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशीं पुन्हां येतें, दुकानदार तें ओळखून असतो, आणि दोघांच्या ओढाताणींत एक बरोबरीचें नातें असतें. आठ तासांच्या पाहुण्याच्या हातांत मात्र ‘मी आतां जातों’ हें एक हत्यार असतें, आणि त्यापुढें यजमानाजवळ कांहींच नसतें. बाईंनीं वाटी हातांत घेऊन उजेडाकडे धरली. त्या आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासीत आल्या होत्या. पांच दिवसांचें काम एका नजरेंत निम्म्यावर आणणें म्हणजे काय, हें त्यांना दुसऱ्या कोणीं समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. त्यांनीं सांगितलेली किंमत पुरी दिली. वाटी कागदांत गुंडाळतांना त्या विकणाऱ्या बाईनें हरिणाच्या आकृतीवर बोट ठेवून तिचा अर्थ सांगितला. घासाघीस चालूं असतां तो तिनें सांगितला नव्हता.

व्यक्तीच्या सौद्यांत जें घडतें तेंच राष्ट्राच्या सौद्यांत मोठ्या प्रमाणावर घडतें. विमानानें मेक्सिकोंत येणाऱ्या परदेशी प्रवाशाकडून तें सरकार प्रवेशाचा कर घेतें. जहाजानें येणारा मात्र ‘वाटसरू’ समजला जाऊन वर्षानुवर्षें त्यांतून सुटत असे. २०२४ च्या अखेरीस तेथील विधिमंडळानें जहाजाच्या प्रत्येक उतारूवर ४२ डॉलर कर बसविण्याचें ठरविलें. जहाजांच्या कंपन्यांनीं विरोध केला, दुसऱ्या बंदरांकडे वळण्याची भाषा निघाली, आणि तडजोड होऊन १ जुलै २०२५ पासून ५ डॉलर घ्यावे व पुढें टप्प्याटप्प्यानें वाढवावे असें ठरलें. हा आंकडा योग्य कीं अयोग्य, याचा निर्णय अर्थशास्त्रज्ञांनीं करावा. परंतु धक्का हलवितां येत नाहीं आणि जहाज हलवितां येतें, हा या सौद्यांतील मुख्य मुद्दा कोणाच्याहि ध्यानांत येण्यासारखा आहे.

परतीच्या बसमध्यें चौघेंहि एकत्र होतीं. प्राध्यापकांच्या गुडघ्यांना पाहून एका शाळकरी मुलानें जागा दिली. धक्क्यावर पोंचलीं तेव्हां जहाजाच्या घड्याळांत चार वाजावयास दहा मिनिटें कमी होतीं आणि गांवच्या घड्याळांत सहाला. वहिनींनीं चिंचेच्या, वर तिखट-मीठ भुरभुरलेल्या गोळ्यांची एक पुडी घेतली होती. ती त्यांनीं त्यांच्या खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या गोव्याच्या तरुणाला दिली. अशा जहाजांवर गोव्यांतील, मुंबईंतील आणि कोकणांतील पुष्कळ तरुण नोकरीस असतात. तारवटी हा गोव्यांतील पिढ्यान्‌पिढ्यांचा पेशा आहे. या तरुणाला त्या दिवशीं जमिनीवर उतरण्यासाठीं दीड तास मिळाला होता, आणि तो त्यानें धक्क्याजवळ बसून मडगांवच्या घरीं फोनवर बोलण्यांत घालविला होता. गांव पाहण्याचा प्रश्नच नव्हता. आठ तास अपुरे पडले म्हणून हळहळणाऱ्या चौघांना तें ऐकून आपले आठ तास एकाएकीं पुष्कळ वाटूं लागले. गोळी तोंडांत टाकून तो म्हणाला, ‘वहिनी, ही तर आमच्या आजीच्या हातची.’

जहाजानें दोर सोडले तेव्हां सूर्य उपसागराच्या तोंडाशीं टेकला होता. डिसेंबरपासून मार्चपर्यंत उत्तरेच्या थंड समुद्रांतून प्रचंड देवमासे या ऊबदार पाण्यांत येतात आणि येथेंच आपल्या पिलांना जन्म देतात. त्यांपैकीं एकाचा फवारा दूरवर दिसला आणि सारे उतारू कठड्याकडे धांवले. देवमासाहि या गांवाचा पाहुणाच. परंतु तो हिवाळाभर राहतो.

मनुष्याला तितकी सवड नसते. प्रत्येक जहाजाला ठरलेल्या वेळीं निघावेंच लागतें, आणि प्रत्येक प्रवाशाला कधीं तरी आठ तासांचाच पाहुणा व्हावें लागतें. तेव्हां आठ तासांत गांव पाहून होतें काय, या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर ‘नाहीं’ असेंच आहे. परंतु आठ तासांत गांवांतील एका माणसाजवळ बसणें होतें, त्याच्या हातचें कांहीं खाणें-पिणें होतें, आणि त्याच्या कष्टाची किंमत खाली मान न घालवितां त्याच्या हातांत ठेवणें होतें. ज्या पाहुण्यानें एवढें केलें, त्यानें पांच ठिकाणें पाहिलीं कीं एक बांक पाहिला, याला फारसें महत्त्व उरत नाहीं. मनिलाच्या गलबतांवरून उतरलेल्या त्या अज्ञात खलाशांनीं एक झाड आणि एक शब्द मागें ठेवला. आजच्या पाहुण्याकडून तितकी अपेक्षा कोणी करीत नाहीं. त्यानें निघतांना यजमानाच्या मनांत कडवटपणा तेवढा ठेवूं नये, म्हणजे पुष्कळ झालें.